कुर्डुवाडी : गाडी बदलायचं गाव

भगवंतपेठकर

गेल्या आठवड्यात लातूरला जायचा योग आला. रात्री पुण्याला गाडीत बसलो, चादर ओढली, आणि जाग आली ती थेट हरंगुळला. कुर्डुवाडी कधी येऊन गेली ते कळलंसुद्धा नाही. बायको म्हणाली, "बरंच झालं की, झोप तरी झाली." बरंच झालं, खोटं कशाला बोलू. पण आमच्या घरात कुर्डुवाडी झोपेत ओलांडणारा मीच पहिला. आजोबा, वडील, आत्या, सगळ्यांनी तिथे रात्री जागून काढल्या आहेत. म्हणून हा धागा.

मी मूळ बार्शीचा. बार्शी तिथे सरशी वगैरे आम्ही लहानपणापासून ऐकतो, पण रेल्वेच्या बाबतीत सरशी झाली ती पस्तीसेक किलोमीटरवरच्या एका वाडीची. कुर्डू हे जुनं गाव, ही त्याची वाडी. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) कंपनीची पुण्याहून निघालेली लाइन १८५९ मध्ये दिकसळहून इथवर आली आणि १८६० मध्ये पुढे सोलापूरला पोचली. स्टेशनाला नाव दिलं 'बार्शी रोड'. ज्या स्टेशनाच्या नावात 'रोड' असतं तिथे ते गाव नसतं, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. (जत रोड, कळंब रोड, लातूर रोड... फसलेल्यांनी हात वर करा.)

बार्शी बालाघाटाच्या पायथ्याची पेठ. घाटावरचा, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातला कापूस, धान्य, गळीत सगळं उतरायचं ते बार्शीत. तिथून बार्शी रोडपर्यंत बैलगाड्या. १८८०च्या दशकात जीआयपीत नोकरीला असलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने त्या गाड्यांची रांग पाहिली आणि त्याच्या डोक्यात छोटी रेल्वे शिरली. कंपनी काढून १८९७ मध्ये त्याने बार्शी रोड ते बार्शी अशी २१ मैलांची लाइन सुरू केलीसुद्धा. रुळांमधलं अंतर फक्त २ फूट ६ इंच. त्याचा हिशोब असा होता की इंजिन असो नाहीतर वाघीण (मालडबा), एका आसावर ५ टनांच्या वर भार येऊ द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, पूल स्वस्तात होतात. त्यासाठी इंजिनाला चाकंच जास्त लावली आणि वजन वाटून टाकलं. हीच आपली बार्शी लाइट.

पुढे फाटे फुटले. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर. दोन्ही फाट्यांचं नाक एकच, कुर्डुवाडी. छोट्या गाडीची इंजिनं, डबे दुरुस्त करायचं वर्कशॉप तिथे, क्वार्टर तिथे, शेड तिथे. वाडीचं शहर झालं.

आता मुद्दा. माझं म्हणणं असं की हे गाव रेल्वेवर जगलं नाही, रेल्वे तुटण्यावर जगलं. मोठी गाडी मोठ्या रुळांवर, छोटी छोट्यावर. माणूस असो, कापसाची गाठ असो, गुळाची ढेप असो, प्रत्येकाला तिथे उतरायलाच लागायचं. उतरला की थांबायचा, थांबला की चहा, भजी, हमाल, लॉज, धर्मशाळा, पानपट्टी. २००१ मध्ये पंढरपूरची लाइन रुंद झाली, २००८ मध्ये बार्शी-लातूरची. उतरायचं कारण संपलं. गाडी अजून थांबते, पण माणूस उतरत नाही.

आमच्याकडे आठवण म्हणून आजोबांचं एक पितळी कुलूप आहे, वर 'बी.एल.आर.', म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, कोरलेलं. ते त्यांच्याकडे कसं आलं हे आमच्या घरात कुणी विचारत नाही.

तुमच्या आठवणी असतील तर लिहा.

---

निवांत_पाटील

वाचतोय. हरंगुळला जाग आली म्हणजे नशीबवान. माझा मामा एकदा झोपेत लातूरच्याही पुढे गेला होता.

---

क्वार्टरवाली

भगवंतपेठकर, तुम्ही प्रवाशाच्या बाजूने लिहिलंत, मी आतल्या बाजूने लिहिते. वडील वर्कशॉपमध्ये फिटर. माझा जन्म, बालवाडी, सायकल शिकताना फुटलेला गुडघा, सगळं रेल्वे क्वार्टरमधलं.

आमच्याकडे घड्याळ होतं, पण बघत कुणी नव्हतं. भोंगा झाला की वडील डबा उचलायचे. दुपारचा भोंगा झाला की आई तवा टाकायची. शाळेला सुट्टी असली तरी भोंग्याला नसायची. घरात दोन प्रकारचे कपडे, ड्यूटीचे आणि माणसातले. ड्यूटीचे कपडे वेगळ्या बादलीत, सोड्यात भिजत. तरी वडिलांच्या नखांतलं ग्रीस कधी गेलं नाही. ते निवृत्त झाले, त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी एकदा पोळी मोडताना मला त्यांची नखं स्वच्छ दिसली आणि का कोण जाणे, मला ते आवडलं नाही.

क्वार्टरमध्ये तेलुगू, कन्नड, उत्तरेकडचे, कोकणी ख्रिश्चन, सगळे. नाताळात एका घरातून केक यायचा, तो आई देवापुढे ठेवून मग वाटायची. गावातल्या मुलांना वाटायचं आम्ही शिष्ट, कारण आमच्याकडे पास असायचा आणि आम्ही उन्हाळ्यात मद्रास बघून यायचो. तालुक्याच्या गावाला, माढ्याला, तेव्हा आमच्याइतकी वर्दळ नव्हती, हे थोडं ठसक्यात लिहिते.

तुमचं "तुटण्यावर जगलं" पटलं. वर्कशॉपचंही तेच. छोटी गाडी होती म्हणून छोट्या गाडीचं वर्कशॉप.

---

सांगोलेकर

छान धागा. एक शंका, बार्शी लाइट पहिल्यापासून मिरजेपर्यंत होती ना? आमचे आजोबा तसं सांगायचे.

---

मिरजेचा_सतारवाला

@सांगोलेकर, नाही हो. पंढरपूर ते मिरज हा तुकडा शेवटचा, १९२७ चा. म्हणजे कुर्डुवाडीतून पंढरपूरला गाडी जायला लागल्यावर २१ वर्षांनी. योगायोग म्हणजे कॅलथ्रॉप वारला तेही १९२७ लाच. सगळं धरून लाइन दोनशे मैलांच्या घरात गेली. १९५४ मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली, पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत 'बार्शी लाइट'च.

आमच्या मिरजेत एके काळी तिन्ही मापं होती. मीटरगेज जुनं, मग बार्शी लाइटचं नॅरो, आणि १९७०च्या सुमारास पुण्याकडून ब्रॉडगेज. शाळेत मास्तर विचारायचे, मिरजेचं वैशिष्ट्य काय? अर्धी पोरं म्हणायची सतारी, अर्धी म्हणायची तीन रूळ.

पण मिरज पडली नाही हे लक्षात घ्या. दवाखाने होते, सतारी होत्या, बाजार होता. कुर्डुवाडीकडे गाडी बदलण्याशिवाय दुसरा धंदा काय होता?

---

टेंभुर्णीकर

सगळ्यांचं वाचलं. आता आमच्याकडचं ऐका, राग मानू नका.

कुर्डुवाडीला गेजनं मारलं नाही, रस्त्यानं मारलं. पुणे-सोलापूर हायवे आमच्या टेंभुर्णीवरनं जातो, कुर्डुवाडीवरनं नाही. वीसेक किलोमीटर इकडं. उजनी भरली, ऊस आला, कारखाने आले, एमआयडीसी आली, आणि मालाला ट्रक लागला. ट्रक दारात येतो, रेल्वेला माल घेऊन आपण जायचं. माझा चुलता ऐंशीच्या दशकात केळी पाठवायचा. म्हणायचा, कुर्डुवाडीला हमाली, वाघिणीची वाट बघणं आणि वर पाठपुरावा, त्यापेक्षा ट्रकवाल्याला चार पैसे जास्त दिलेले परवडले. तेव्हा गेज काय बदललं नव्हतं. छोटी गाडी चालूच होती.

एके काळी आमचे लोक कुर्डुवाडीला बाजाराला जायचे. आता तिकडची पोरं आमच्याकडं हायवेवर हॉटेलात कामाला येतात.

---

भगवंतपेठकर

@टेंभुर्णीकर, राग कसला, मुद्दा बिनतोड आहे. मालाची बाजू मी सोडूनच दिली होती. माल आधी गेला, माणसं नंतर गेली असं म्हणूया का? हमाल आधी कमी झाले असणार. चहावाला आणखी वीस वर्षं टिकला.

---

टेंभुर्णीकर

हां, असं म्हणा. हमालांची पोरं रिक्षावर गेली.

---

जुना_हिशोबनीस

मालधक्क्याबद्दल लिहितो. तारुण्यात बार्शीच्या एका अडत दुकानात कारकून होतो, त्यामुळे कुर्डुवाडीला महिन्यातून चार-पाच खेपा.

मधे शेड. शेडच्या एका अंगाला छोट्या गाडीची वाघीण लागायची, दुसऱ्या अंगाला मोठ्या गाडीची. छोट्या वाघिणीचं पोट ते केवढं, त्यामुळे एक मोठी भरायला छोट्या दोन-तीन रिकाम्या व्हायच्या. कापसाची दाबलेली गाठ हमाल हुक मारून ओढायचे. गाठ फाटली की कापूस उडायचा आणि हमालांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. शेंगदाण्याच्या पोत्याला एक बारीक भोक असायचंच. ते कसं पडायचं हे विचारायचं नाही. दिवसाकाठी शेडमध्ये जे सांडायचं ते झाडायला बायका टपून असायच्या. त्या केराला 'झाडण' म्हणायचे आणि झाडणीवर हक्क कुणाचा यावरून भांडणं व्हायची. एका मालाची दोनदा मोजणी, दोनदा तूट. माझा अर्धा जन्म ती तूट जुळवण्यात गेला.

गंमत सांगू? याच कॅलथ्रॉपने इंग्लंडात स्टॅफर्डशायरला लीक अँड मॅनिफोल्ड नावाची असलीच छोटी लाइन बांधली, १९०४ ला सुरू झाली. तिथे त्याने वाघीणवाहू गाडे आणले. म्हणजे मोठ्या लाइनीची भरलेली वाघीण अख्खीच्या अख्खी छोट्या लाइनीच्या गाड्यावर चढवायची. माल उतरवायचाच नाही. हे शहाणपण त्याने बार्शी रोडला केलं असतं तर हमालांची ती आळी वसलीच नसती. ती विलायती लाइन १९३४ मध्ये बंद पडली. आपली छोटी गाडी तिच्यानंतर सत्तरेक वर्षं धावली.

---

क्वार्टरवाली

झाडण! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. आमच्याकडे दाणे विकायला एक मावशी यायच्या, त्यांच्या दाण्यांत बारीक खडे आणि लोखंडाचा कीस निघायचा. आता कळलं.

---

शंकासुर

कॅलथ्रॉप म्हणजे पॅराशूटवाला तोच का?

---

मिरजेचा_सतारवाला

तोच. रेल्वेनंतर पॅराशूटच्या मागे लागला, त्याला 'गार्डियन एंजल' नाव दिलं होतं. शिवाय अरबी घोडे पाळायचा. माणूस एका जागी बसणारा नव्हता.

---

मूर्तिजापूरचा_मी

आमच्या वऱ्हाडातून लिहितो. शकुंतला सगळ्यांना ठाऊक असेल, यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर. तीही अडीच फुटीच, किलिक निक्सन कंपनीने बांधलेली, कापसासाठीच. वाफेचं इंजिन थेट १९९४ पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं.

तुमचं आणि आमचं दुखणं एकच नाही, भाऊ. तुमची लाइन रुंद झाली आणि तुम्ही म्हणता गाव गेलं. आमची रुंद होणार, होणार म्हणून मोर्चे निघाले, निवेदनं झाली, आणि गाडी बंद पडली. आता रुळांमधून बाभळी आल्या आहेत. शकुंतलेचा गार्ड मधल्या स्टेशनवर स्वतःच खाली उतरून तिकिटं फाडायचा, फाटकही तोच लावायचा आणि गाडी पुढे गेली की तोच उघडायचा. ते बघितलेल्या माणसाला तुमची तक्रार जरा श्रीमंताघरची वाटते.

तरी तुमच्या मुद्द्यात दम आहे. मूर्तिजापूरलाही गाडी बदलावी लागायची, म्हणून स्टेशनाभोवती वस्ती झाली. पण आमच्याकडे लोकांनी ती कमाई शेतात, जिनात घातली. नुसत्या गाडीबदलावर गाव उभं राहिलं नाही.

---

लातूरची_मुक्ता

मी दुसऱ्या टोकाची. तुम्हा सगळ्यांना कुर्डुवाडीचा उमाळा येतोय, आम्हाला कुर्डुवाडी म्हणजे शिक्षा होती.

लहान भाऊ कडेवर, आईच्या हातात ट्रंक, माझ्या हातात पाण्याचा फिरकीचा तांब्या. मुंबईची गाडी मध्यरात्री सोडून जायची आणि छोटी पहाटे. मधले तास फलाटावर, थंडीत, वळकटीवर. आई झोपायची नाही, ट्रंकेवर पाय ठेवून बसायची. छोटी गाडी लागली की जी झुंबड उडायची! खिडकीतून आधी रुमाल आत, मग मी आत, मग भाऊ, मग ट्रंक, शेवटी आई दारातून. येडशीच्या घाटात गाडी इतकी धापा टाकायची की पोरं उतरून बाजूने चालायची आणि वर रामलिंगाच्या बाजूला पुन्हा चढायची. हे ऐकायला गोड वाटतं. इंजिनातला कोळसा डोळ्यात गेलेल्याला विचारा.

जुनी लाइन धाराशिवला (तेव्हाचं उस्मानाबाद) शिवतही नव्हती, जिल्ह्याचं ठिकाण असून येडशीला जाऊन गाडी पकडायला लागायची. रुंदीकरणात लाइन वळवून गावाजवळ नेली. ते चांगलंच झालं.

आणि २०१६ विसरलात का? एप्रिलमध्ये लातूरला नळाला पाणी नव्हतं, तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला १० टँकर, पाच लाख लिटर. नंतर ५० टँकरांची. ती कुठून आली? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. तुमच्या बार्शी लाइटचाच मार्ग, फक्त रूळ रुंद. छोट्याच रुळांवर, पाच टनांच्या आसाने ते पाणी आलं असतं का? आम्ही घागरी घेऊन रांगेत होतो, म्हणून विचारते.

---

भगवंतपेठकर

@मुक्ताताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. रुंदीकरण नको होतं असं मी कुठे म्हटलं नाही, पण वाचताना तसा सूर लागला असेल तर चूक माझी.

---

अजून_इथेच

मी आत्ताही कुर्डुवाडीत राहतो. सगळे मिळून आम्हाला श्रद्धांजली वाहताय, म्हणून लॉगिन केलं.

गाव संपलेलं नाही. नगरपरिषद आहे, शाळा-कॉलेजं आहेत, मंगळवारचा बाजार बघायला या एकदा. जंक्शन आहे ते आहेच. चार दिशांना लाइन आहे, सगळी ब्रॉडगेज. आषाढीला स्पेशल गाड्या लागतात तेव्हा स्टेशनात पाय ठेवायला जागा नसते.

पण खरं सांगायचं तर बदल झालाय. पूर्वी दौंडच्या बाजूला लाइन एकेरी होती, त्यामुळे क्रॉसिंगसाठी गाड्या आमच्याकडे खोळंबायच्या. अर्धा तास गाडी थांबली की डब्यातला माणूस खाली उतरून काहीतरी खायचाच. आता दुहेरीकरण झालं, वर विजेच्या तारा आल्या, गाड्या थांबत नाहीत. ज्या थांबतात त्या दोन मिनिटं. दोन मिनिटांत भजी तळून होत नाहीत. ज्यांच्या आजोबांचा फलाटावर ठेला होता असे माझे दोन मित्र आहेत. एकाचं मोबाइलचं दुकान, दुसरा पुण्यात.

वर्कशॉपचं म्हणाल तर छोट्या गाडीचं मोठं काम गेलंच. मध्ये इथल्या लोकांना वाटत होतं की नवं काहीतरी मोठं इथेच येईल, जागा आहे, हातात कसब आहे. डब्यांचा कारखाना गेला लातूरला, तिथे २०२० च्या डिसेंबरात पहिला सांगाडा तयार झाला. @मुक्ताताई, अभिनंदन. मनापासून.

---

लातूरची_मुक्ता

@अजून_इथेच, टोमणा पोचला. 🙂 पण त्या कारखान्यात कसब तुमच्याकडच्याच जुन्या मिस्त्र्यांकडून शिकावं असं मला खरंच वाटतं.

---

क्वार्टरवाली

@अजून_इथेच, आमच्या क्वार्टरच्या मागे चिंच होती, पाण्याच्या हौदाजवळ. आहे का?

---

अजून_इथेच

चिंचा तीन आहेत ताई. कुठली ओळ?

---

क्वार्टरवाली

ओळ आठवत नाही. हौदाला लोखंडी शिडी होती, तिची खालून दुसरी पायरी नव्हती.

---

अजून_इथेच

शिडी गेली. हौद आहे. चिंच आहे, पण तोडून तोडून अर्धी राहिलीय. उद्या त्या बाजूला जाणार आहे, फोटो टाकतो.

---

शंकासुर

धागाकर्ते, कुलपाचा फोटो टाका की राव. 'बी.एल.आर.' अक्षरं बघायची आहेत. हल्ली असल्या वस्तूंना गिऱ्हाईक असतं.

---

भगवंतपेठकर

फोटो लगेच मिळणार नाही. कुलूप बार्शीला भावाकडे आहे, गोठ्याच्या दाराला. किल्ली माझ्या जन्माआधीच हरवली. भाऊ रोज सकाळी दगडाने ठोकून उघडतो आणि रात्री हाताने दाबून लावतो. विकायचं विचारलं तर म्हणाला, मग गोठ्याला काय लावू?